नीरजाक्षी बिघडली त्याची गोष्ट

प्रेमाचा त्रिकोण सोडवणं म्हणजे काय हो मोठं! एक बाई, दोन पुरुष. बाईनं एकाला हो म्हणायचं, दुसऱ्यानं चार दिवस खिडकीशी उभं राहून रडायचं, की मिटलं! हे मी माझ्या बायकोला, सीतारत्नमला, सकाळी मुगाचा पेसरट्टू खाता खाता अगदी ठणकावून सांगितलं.

"आणि माझी नायिका," मी पुढे म्हणालो, "कुणाच्या दुधात काही कालवणार नाही. कुणाला जिन्यावरून ढकलणार नाही. शेवटपर्यंत सज्जन राहील!"

"चटणी घ्या," सीतारत्नम म्हणाली.

मी जन्मभर अमलापुरमच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. तिथे बोलायला मनाई असते, त्यामुळे ती नोकरी मला फारच मानवली. निवृत्त झाल्यावर आम्ही हैदराबादला, मलकाजगिरीत, मुलाकडे राहायला आलो. तिथे एका लग्नाच्या पंगतीत चलपती भेटला. एकेकाळचा आमच्या कॉलेजचा विद्यार्थी, आता टीव्ही मालिकांचा दिग्दर्शक. त्याचा संवादलेखक आदल्याच दिवशी पळून गेला होता.

"मास्तारू, तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत, आता तुम्हीच लिहा!" तो म्हणाला.

"अरे, वाचणं वेगळं आणि..." मी एवढं म्हणतोय तोवर शेजारच्या पानावरून सीतारत्नम म्हणाली, "लिहितील!"

असा मी लेखक झालो. स्वतःला लेखक म्हणवून घेताना मला अजून इकडेतिकडे बघावं लागतं, पण ते असो.

मालिकेची नायिका नीरजाक्षी. तिच्यावर दोघांचं प्रेम. एक डॉक्टर प्रणीत, दुसरा लॉरीमालक वीरभद्र. नीरजाक्षीचं प्रेम कुणावर, हे मालिका सुरू झाल्यापासून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं असं मला वाटत होतं. पहिल्याच दिवशी चलपतीनं मला मेकअपच्या खोलीमागे नेलं.

"मास्तारू, उद्या तुळशीपाशी नीरजाक्षी मन मोकळं करणार. डॉक्टर! समजलं ना?"

"बरं," मी म्हणालो.

तिथून बाहेर पडतो तो निर्मात्या अंबुजम्मांनी मला जनरेटरमागे नेलं. त्या मला मानानं 'गारू' म्हणतात. "कामेश्वरराव गारू, ऐका. मुलगी लॉरीवाल्याचीच! आमच्या घरच्या लॉऱ्या आम्ही मालिकेत दिल्यात, त्या काय डॉक्टरच्या लग्नात नाचवायला?"

"बरं," मी म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, एकाला तरी नाही म्हणायचं होतं. अहो, नाही म्हणायला समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं! मी रात्रभर तळमळलो आणि दोघांनाही चालेल असा संवाद लिहिला. तुळशीच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला लॉरीवाला, आणि मधे नीरजाक्षी म्हणते: "तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी विसरणार नाही. माझं उत्तर माझ्या डोळ्यांत आहे." नाव कुणाचंच नाही! कोण तुम्ही, कसलं उत्तर, ज्याचं त्यानं बघावं. मला वाटलं, सुटलो.

नीरजाक्षीचं काम करणारी मुलगी सिंचना. मंड्याची, कन्नड घरातली, टपोऱ्या डोळ्यांची. आमच्याकडच्या निम्म्या नायिका कर्नाटकातूनच येतात. तेलुगूत तिला 'भूक लागली' आणि 'गाडी आली का' एवढंच यायचं. अशा वेळी कॅमेऱ्यामागून कुणीतरी एकेक वाक्य मोठ्यानं म्हणायचं आणि नायिकेनं ते तसंच म्हणायचं. नंतर दुसरीच मुलगी त्यावर आवाज चढवते. प्रॉम्प्टिंगचा नेहमीचा माणूस लेखकाबरोबरच पळाला होता, म्हणून तेही माझ्या गळ्यात पडलं.

मी सिंचनाला बाजूला घेऊन मोडक्यातोडक्या हिंदीत वाक्याचा अर्थ समजावू लागलो, तर तिनं हिंदीतच हात जोडून सांगितलं. ती मला ताता, म्हणजे आजोबा, म्हणायची. "ताता, अर्थ नको! अर्थ कळला की मी घाबरते. तुम्ही फक्त चाल दाखवा, मी तश्शी उचलते!"

आणि कॅमेरा सुरू झाला. माझ्या डाव्या हाताला चलपती, उजव्या हाताला अंबुजम्मा. मी म्हणालो, "तुम्ही माझ्यासाठी जे केलंत..." आणि भीतभीत डावीकडे बघितलं. मग उजवीकडे बघितलं. घशाला कोरड पडली, म्हणून आवंढा गिळला. जरा वेळ थांबलो. मग दोघांनीही राग मानू नये म्हणून ओठांच्या कोपऱ्यातून थोडंसं हसलो आणि उरलेलं वाक्य पुटपुटलो.

सिंचनानं हे सगळं उचललं. सगळं म्हणजे सगळं! डावीकडची नजर, उजवीकडची नजर, आवंढा, ते हसू!

"ओके!" चलपती फोनवर बोलता बोलता ओरडला. आमच्याकडे रोज एक भाग पाठवायचा असतो. माणूस कॅमेऱ्यासमोरून पळून गेला नाही, तर टेक ओके असतो.

संध्याकाळी डबिंग करणाऱ्या शर्वाणीचा फोन आला. ती मला बाबाई, म्हणजे काका, म्हणते. "बाबाई, हिच्या वाक्याच्या मधे केवढी मोठी रिकामी जागा आहे! ओठ पण हलतायत. काय घालू?"

खरं उत्तर होतं, 'आवंढा'. पण ते सांगायची लाज वाटली. "तुला योग्य वाटेल ते घाल बाई," मी म्हणालो.

तिनं तिथे एक बारीकसं, थंडगार हसू घातलं. "ह्‌ह्‌." संगीतवाल्यानं ते हसू ऐकलं आणि त्याखाली पुंगी वाजवली. संकलकानं पुंगी ऐकली आणि नीरजाक्षीचे डोळे तीन वेळा पडदाभर दाखवले. प्रत्येकाला वाटलं, आधीच्या माणसाला काहीतरी माहीत असणार!

भाग लागला तेव्हा आमच्या हॉलमध्ये सोसायटीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. सीतारत्नमनं पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, केला होता. पुंगी वाजली आणि तिचा हात ताटातच थांबला.

"अहो! ही बया दोघांनाही फसवतेय!"

"छे छे, ती फक्त..."

"फक्त काय? अहो, ती हसली! सापासारखी हसली! तुम्हीच म्हणालात ना, सज्जन राहील म्हणून?"

खालच्या मजल्यावरच्या वरलक्ष्मी गारू उठल्या. "आम्ही हिच्यासाठी उपास केला होता हो," त्या मला म्हणाल्या, आणि पुलिहोरा न खाता निघून गेल्या. अख्ख्या आयुष्यात एकच कादंबरी छापली, ती कुणी वाचली नाही, आणि मालिकेच्या पहिल्याच भागानं लोक जेवणावरून उठले!

दुसऱ्या दिवशी सेटवर चलपती तोफेसारखा धडाडत होता. "माझ्या नायिकेची नागीण केली! कुणी केली? या पोरीनं! हिला बदला!"

आमच्याकडे नायिका बदलणं एका वाक्याचं काम. अपघात होतो, तोंडावर पट्ट्या बांधतात, पट्ट्या सुटतात आणि आत वेगळीच मुलगी निघते. सिंचना जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती. खोट्या जिन्याच्या, पण रडणं खरं होतं.

"ताता, मी काय चुकले? तुम्ही म्हणालात तश्शीच तर म्हणाले! मला परत पाठवलं तर आप्पा पुन्हा येऊ देणार नाहीत. ते म्हणतात, आता लग्न कर आणि गप घरी बस."

मी सांगणारच होतो. चूक माझी आहे, हे ओठांपर्यंत आलं होतं. इतक्यात चॅनेलची प्रवल्लिका आली. वयानं माझ्या नातीएवढी, पण ती आली की अंबुजम्मासुद्धा उभ्या राहायच्या.

"रेटिंग आलंय!" ती म्हणाली. "सगळ्यांच्या वर आहोत आपण! नायिकेच्या मनातला हा अंधार... कुणाची कल्पना?"

"माझी!" चलपती म्हणाला.

"माझी!" अंबुजम्मा म्हणाल्या.

"आणि 'माझं उत्तर माझ्या डोळ्यांत आहे' हे कुणी लिहिलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. प्रवल्लिकानं माझे दोन्ही हात हातात घेतले. "सर, तुम्हाला बायकांचं मन किती खोल कळतं!"

मला? बायकांचं? मी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून.

"आता मागे फिरायचं नाही," ती म्हणाली. "शुक्रवारी नीरजाक्षी डॉक्टरच्या पायसमात विष कालवणार. पण चेहऱ्यावर तेच सगळं हवं, ती थांबण्याची जागा, ती नजर, ते हसू! सिंचनाला जमलं तर उत्तम. नाही जमलं तर दमयंती तयार आहे."

दमयंतीला सगळं आंध्र आणि तेलंगण ओळखतं. तिनं कितीतरी सासवांना विहिरीत लोटलं आहे.

सिंचनानं माझी बाही धरली. "ताता, तुम्ही चाल दाखवाल ना?"

"काळजीच करू नकोस!" मी म्हणालो. आणि हे मी म्हणालो, याचं मलाच नवल वाटलं.

कारण तोवर माझ्यात काहीतरी बिघाड झाला होता. चलपती मला आधी नमस्कार करू लागला. वरलक्ष्मी गारूंनी जिन्यात थांबवून विचारलं, "पुढे काय होणार, आम्हाला तरी सांगा!" घरी सीतारत्नमनं न मागता दुसरा पेसरट्टू वाढला. मी छाती काढून चालू लागलो. जोशात मी सोसायटीतल्या बायकांना म्हणालो, "शुक्रवारी सगळ्या सेटवर या! अभिनय कसा करून घेतात ते दाखवतो!"

शुक्रवारी मी कॅमेऱ्यामागे हरिकथेला उभं राहावं तसा उभा राहिलो. विषाचं भाषण लांबलचक लिहिलं होतं, जागोजागी संस्कृत समास पेरलेले. माझा आवाज घुमला. हात आपोआप वर गेले. सिंचनानं तशीच चाल उचलली. तोच घुमणारा आवाज, तेच वर गेलेले हात, चेहऱ्यावर तेच तेज! डॉक्टरचं काम करणाऱ्या नटानं पायसमची वाटी दोन्ही हातांनी कपाळाला लावली.

"कट!" प्रवल्लिका किंचाळली. "ती विष देतेय की तीर्थ?"

पुन्हा टेक. मी आणखी जोर लावला. सिंचना आणखी पवित्र झाली. पुन्हा टेक. लाइटवाल्यानं हात जोडले. कोपऱ्यात दमयंती मेकअप करून, कपाळावर नागाच्या फण्याएवढी टिकली लावून, शांतपणे मिरची भजी खात बसली होती.

"जेवणापर्यंत बघते," प्रवल्लिका म्हणाली. "मग पट्ट्या बांधू."

सिंचना माझ्याकडे बघत होती. डोळे विस्फारून, माझा एकेक हावभाव टिपत. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! अहो, ही मुलगी नायिकाही नव्हती आणि नागीणही नव्हती. ही मी होतो! तिला वाईट व्हायचं तर मला घाबरायला हवं होतं!

मी घाबरायचा प्रयत्न केला. जमेना! जन्मभर पावलोपावली जिनं माझी साथ केली, ती शंका नेमकी आज कुठे गेली होती कोण जाणे. मी माझी छापून पडून राहिलेली कादंबरी आठवली. नेहमी ती आठवली की अंगावर काटा येतो. आज वाटलं, वाईट नव्हती हो! शैली होती तिच्यात! मी घाबरलो नाही म्हणून थोडासा घाबरलो, पण तेवढ्यानं काय होणार?

"शेवटचा टेक!" चलपती ओरडला. दमयंतीनं हात पुसले.

तेवढ्यात मागे बांगड्यांचा आवाज झाला. सोसायटीतल्या बायका आल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे सीतारत्नम. ती थेट कॅमेऱ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या हातातला कागद वाचला. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग माझ्याकडे बघितलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे बरोबर आहे ना नक्की?"

झालं! शंका परत आली! समास चुकलाय का? भाषण लांबलंय का? मुळात मी इथे काय करतोय? "ॲक्शन!" कुणीतरी ओरडलं. मी तोंड उघडलं. "खा..." मी म्हणालो आणि सीतारत्नमकडे चोरून बघितलं. आवंढा गिळला. पुढचं सगळं भाषण विसरलो. खूप वेळ थांबलो. मग तिनं रागावू नये म्हणून ओठांच्या कोपऱ्यातून हसलो. "...खा ना," मी कसंबसं म्हणालो. "तुझ्यासाठीच केलंय."

सिंचनानं ते तंतोतंत केलं. चोरटी नजर, आवंढा, ती भयाण शांतता, ते हसू. डॉक्टरच्या नटानं वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "यात खरंच काही नाही ना?"

"ओके!" चलपती म्हणाला. या वेळी फोन बाजूला ठेवून.

वरलक्ष्मी गारू कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढत होत्या, कुणाची ते कळलं नाही. दमयंतीनं टिकली काढून आरशाला लावली आणि गाडी मागवली. सिंचना धावत आली. मला वाटलं, माझ्याकडे. ती मला ओलांडून गेली आणि सीतारत्नमच्या पाया पडली! "अम्मम्मा, तुम्ही रोज या!"

प्रवल्लिकानं तिथल्या तिथे तसं ठरवूनच टाकलं. आता सकाळी सीतारत्नमला न्यायला एसी गाडी येते. कॅमेऱ्याशेजारी तिची खुर्ची असते. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसतो, मांडीवर तिचा ताकभाताचा डबा घेऊन. चलपती तिला विचारतो, "अम्मा, आज जरा जास्त रागानं बघाल का यांच्याकडे?" नीरजाक्षीनं आतापर्यंत दोन्ही प्रियकरांना, एका काकांना आणि एका बँकेला देशोधडीला लावलंय. चलपती अजून डॉक्टर म्हणतो, अंबुजम्मा अजून लॉरीवाला म्हणतात, मी अजून बरं म्हणतो.

सिंचना आता थोडं तेलुगू शिकली आहे. काल तुळशीपाशी दिवे लागत असताना तिनं पहिल्यांदाच मला अर्थ विचारला. "ताता, खरं सांगा. मी चांगली आहे की वाईट? आणि माझं प्रेम तरी कुणावर आहे?"

मी आवंढा गिळला. सीतारत्नमकडे बघितलं. थोडंसं हसलो.

सिंचनानं मन लावून आवंढा गिळला. सीतारत्नमकडे बघितलं. थोडंसं हसली.

"ओके!" चलपती ओरडला. "पुढचा सीन!"