पाय टेकण्याचा परवाना

आमच्या हेदुळे बंदरात परदेशी पाहुण्याचे पाय जमिनीला लागत नाहीत, दोन बोटं वर राहतात. पूर्वीपासून हे असंच आहे. पाहुणे चालतात, जिने चढतात, किनाऱ्यावर फोटो काढतात, फक्त वाळूत त्यांचे ठसे उमटत नाहीत. आल्यासारखे राहतात आणि जातात, त्यामुळे कोणाचं काही अडत नाही. अडतं ते कोणाला कायमचं राहायचं असेल तर.

यानला राहायचं होतं. तो एस्टोनियाहून आला होता. उंच, सडपातळ, पिंगट दाढी आणि बोलणं कमी. तो समुद्र बघायला आला आणि त्याच सुमाराला आमच्या बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर बसला. मी तिथला मॅनेजर, नाना सुर्वे. धक्क्याला होड्या लागलेल्या, टोपल्यांत सुरमई वाट बघतेय आणि बर्फाचा पत्ता नाही, म्हणून मी कपाळाला हात लावून दारात बसलो होतो. यान रस्त्याने चालला होता तो थांबला, आत शिरला आणि संध्याकाळपर्यंत त्याने यंत्र सुरू करून दिलं. त्याच्या देशात बर्फ आभाळातून फुकट पडतो म्हणे, तरी त्याला बर्फाची यंत्रं येतात. कोणाला कशाची आवड असेल, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि मग येतच राहिला. आमच्या कारखान्याच्या ओल्या फरशीवर आम्ही सगळेच आयुष्यभर घसरत आलो आहोत. माझं माकडहाड अजून थंडीत बोलतं. यान मात्र फरशीच्या वरून चालायचा, त्यामुळे खांद्यावर बर्फाची लादी घेऊनसुद्धा कधी घसरला नाही. असा माणूस मला सोडायचा नव्हता. त्यालाही जायचं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, बर्फासाठी.

मी त्याला पाहुणे नोंदणी कार्यालयात घेऊन गेलो. तिथले अधिकारी जुवेकर हा सज्जन माणूस. कोणाला नाही म्हणायची वेळ आली की आधी पाणी विचारतात. त्यांनी आम्हाला पाणी विचारलं तेव्हाच मी काय ते समजलो.

"बसा," ते म्हणाले. यान बसला, म्हणजे खुर्चीच्या दोन बोटं वर स्थिर झाला. जुवेकरांनी वाकून त्याच्या बुटांखालून एक कोरं पोस्टकार्ड सरकवलं. ते इकडून तिकडे सहज गेलं.

"परदेशी," ते म्हणाले. आवाजात कसलाही दोष नव्हता. "ज्या दिवशी हे कार्ड अडकेल, त्या दिवशी तुम्ही इथले. मग राहा, कमवा, आमची हरकत नाही."

"साहेब, तो आत्ताही काम करतोच आहे," मी म्हटलं.

"जमिनीला पाय न लावता केलेलं काम हे काम नसतं, सुर्वे. ती हौस असते. हौसेला पगार देता येत नाही."

"मग मार्ग काय?"

जुवेकरांनी चष्मा पुसला. "एक मार्ग लग्नाचा. पण बोहल्यावर पाय टेकून उभं राहावं लागतं, तेव्हा तो यांना बंद. दुसरा धंद्याचा. त्याला जागा घ्यावी लागते आणि जागा घेणाऱ्याने जागेवर उभं राहून दाखवावं लागतं."

"तोही बंद."

"तोही बंद. उरला तिसरा. गावातल्या कोणीतरी यांना मनापासून अरे-तुरे करायचं. आपल्या माणसाला करतो तसं. मनापासून असेल तर पाय आपोआप खाली येतात. अहो-जाहो आहे तोवर माणूस पाहुणा."

यानला मराठी बऱ्यापैकी समजत होतं. त्याने विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," जुवेकर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पाणी विचारलं. यानची मुदत त्या महिनाअखेरीला संपत होती.

मला हे अगदीच सोपं वाटलं. बाहेर पडल्या पडल्या मी यानच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "चल रे यानसाहेब!" त्याच्या पायांकडे बघितलं. काही फरक नाही. त्या 'साहेब'ने घात केला होता. पुन्हा प्रयत्न केला, तर "अरे, जरा बसता का?" असं तोंडातून गेलं. गोऱ्या माणसाशी बोलताना आमच्या जिभेला आपोआप इस्त्री होते. कारखान्यातल्या गड्यांना मी कामाला लावलं. एरवी मालकाच्या मागे त्याचा उद्धार करणारे हे लोक, यान समोर आला की "सर, चहा घेणार?" म्हणायचे. धक्क्यावरच्या कोळणींकडे नेलं. त्या "अरे मेल्या, घे की पापलेट!" म्हणून ओरडल्या तेव्हा मला आशा वाटली, पण त्या कलेक्टरलाही तसंच ओरडतात. जे 'अरे' सगळ्यांना सारखं, ते धरत नाहीत.

मग सरपंचांनी डोकं चालवलं. गावाला यान एवढा आवडतो हे एकदा जाहीर झालं की झालं, असं त्यांचं म्हणणं पडलं. शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा आणि त्याच्या हातात मावणार नाही एवढा पुष्पगुच्छ. चौघे बोलले, त्यात मीही बोललो. सातासमुद्रापलीकडून आलेल्या या थोर तंत्रज्ञाचे ऋण हेदुळे कधीही विसरणार नाही, असं मी म्हणालो आणि टाळ्याही मिळवल्या. प्रत्येक भाषणागणिक यान थोडा थोडा वर जात होता. आभारप्रदर्शन संपलं तेव्हा तो वीतभर वर होता आणि फेट्याला मांडवाची झालर लागत होती.

आम्हाला दुसरं काही येतच नाही, त्याला काय करणार! माणूस आवडला की आम्ही त्याला शाल घालतो.

यान जेवायला-राहायला होता तो हेमलता तोडणकरच्या खानावळीत. हेमा माझ्या शेजारची, मला धाकट्या बहिणीसारखी. वडील गेल्यावर तिने खानावळ उचलली, दोन भावांची शिक्षणं आणि लग्नं केली आणि या सगळ्यात तिचं स्वतःचं राहून गेलं. आता चाळिशी उलटली आहे. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो तर तिने चहाही विचारला नाही.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला शाल घालायला, नाना?"

"अगं, चांगल्यासाठीच केलं."

"चांगल्यासाठी! आता टेबलाशी बसवलं तर ताट कुठे नि माणूस कुठे. ताटाखाली दोन पाट ठेवते तेव्हा कुठे हात पोचतो. नि सकाळी दाराची चौकट लागली कपाळाला. एवढं टेंगूळ आलंय."

मी म्हटलं, "हेमा, तूच का नाही म्हणत त्याला 'अरे'? तुझ्या हातचं जेवतो, मराठीही तुझ्याकडूनच शिकला. तू म्हटलंस तर नक्की धरतील."

ती कांदा चिरत होती. तिचा हात थांबला.

"मला नाही जमायचं."

"न जमायला काय झालं? दोन अक्षरं तर आहेत."

"नाही येत ते तोंडात. रात्री... नाही, एकदा मागच्या दारी म्हणून बघितलं. दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारल्यासारखं वाटलं."

"मग काय म्हणतेस त्याला? सगळ्यांना म्हणतेस तसं 'अहो'च ना?"

"आधी म्हणत होते. आता तेही नाही म्हणत," हेमा म्हणाली. "भिंतीकडे बघून सांगते, जेवण वाढलंय म्हणून."

मला ते तुटकपणाचं वाटलं. घरी येऊन बायकोला, मालतीला, सांगितलं की हेमाला त्या माणसाचा कंटाळा आलेला दिसतो. मालती म्हणाली, "तुम्ही बर्फच बघा."

मुदत संपायच्या दिवशी दुपारच्या एसटीने यान निघणार होता. आम्ही सगळे खानावळीच्या अंगणात जमलो. पाहुणा निघताना अधिकाऱ्याने शेवटची नोंद घ्यावी लागते, म्हणून जुवेकरही पोस्टकार्ड घेऊन आले होते. मला फार वाईट वाटत होतं. कारखान्याचं काय, दुसरा मेकॅनिक मिळाला असता. पण रोज सकाळी दारात उभा राहून कॉम्प्रेसरचा आवाज नीट येतोय ना हे ऐकणारा, आणि आला की माझ्याकडे बघून हसणारा माणूस मला कुठून मिळणार होता? हे त्याला सांगायला हवं होतं. मी सरपंचांशी एसटीच्या वेळेबद्दल बोलत राहिलो.

यान आतून आला. चौकटीखालून वाकला. बूट अंगणापलीकडच्या कट्ट्याजवळ काढलेले होते, म्हणून अनवाणीच अंगणाच्या मध्यापर्यंत आला, वीतभर वरून. हेमा दारात उभी होती आणि तुळशीकडे बघत होती. त्याने वळून तिला हात जोडले. गेले काही दिवस तो एक वाक्य पाठ करत असावा, कारण त्याने ते फार काळजीपूर्वक म्हटलं.

"हेमलताबाई, मी जातो."

सगळे चपापले. सरपंचांनी जीभ चावली. आता त्याला बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. खानावळीत लोक जेवून उठतात, त्यांना निरोप घ्यावा लागत नाही.

"अहो!" हेमा ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. "जातो काय म्हणता? असं म्हणतात का कधी? येतो म्हणावं!"

यान धप्पकन खाली आला.

अंगण चिऱ्याचं आहे, त्यामुळे आवाज चांगला झाला. तो तोल सावरत उभा राहिला आणि आपल्या पायांकडे बघू लागला. आम्हीही बघत होतो. जुवेकर पुढे झाले, धोतराचा सोगा सावरून खाली बसले आणि त्यांनी पोस्टकार्ड सरकवायचा प्रयत्न केला. टाचेकडून केला, अंगठ्याकडून केला. कार्डाचा कोपरा दुमडला, पण ते आत गेलं नाही.

"अडकलं," जुवेकर म्हणाले. ते उठले आणि त्यांचा चेहरा पडला. "पण हे मला घेता येत नाही. बाईंनी 'अरे' कुठे म्हटलं? 'अहो' म्हटलं. अहो म्हणजे परका. परक्याचे पाय कसे काय टेकतील?"

कार्ड अडकलंय आणि नियम बसत नाही, असं कधी झालं नव्हतं. तेवढ्यात माझ्यामागून मालती पुढे आली.

"साहेब, एक विचारू? घरी वहिनी तुम्हाला काय म्हणतात?"

जुवेकर गोंधळले. "मला? मला... अहो म्हणते."

"मग तुम्ही घरात परके का?"

जुवेकरांनी हेमाकडे बघितलं. हेमाने पदराने तोंड झाकलं होतं आणि तिचे कान लालबुंद झाले होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मालतीकडे बघितलं. एवढी वर्षं ही बाई मला रोज हाक मारते आणि माझ्या डोक्यात उजेड पडला तो त्या अंगणात.

"दोन असतात तर," जुवेकर सावकाश म्हणाले. "एकच शब्द, पण दोन असतात. हे वर कळवावं लागेल." त्यांनी खिशातून पेन काढलं, उभ्या उभ्याच नोंद केली आणि यानला म्हणाले, "तुम्हाला परवानगी आहे. कामाची आणि राहण्याची, दोन्ही."

एसटीचा हॉर्न वाजला. सरपंचांनी तिला जायला सांगितलं.

यान अजून तिथेच उभा होता. त्याने एक पाय उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला. मग दोन्ही पाय आळीपाळीने भराभर उचलू लागला आणि तोंड वेडंवाकडं करून हसू लागला. एप्रिलचं ऊन होतं आणि चिरा तव्यासारखा तापला होता.

"भाजतंय," तो हेमाला म्हणाला.

हेमाने पदर खाली घेतला. डोळे पुसले.

"मग आत या ना," ती म्हणाली.