अचूक निकाल: एक

ग्रंथालयात शोध कसा घ्यावा याचं प्रशिक्षण ग्रंथपाल दर महिन्याला देत, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. वाईट एवढंच, की त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

त्या दुपारी आत्या आली. ग्रंथपालांना लहानाचं मोठं केलं ते हिनेच. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि नंतर दिसेलच अशी हमी डॉक्टर देत नव्हते.

"ते निळं पुस्तक काढ रे, तुला वाचून दाखवायचे ते. आज दोघं मिळून बघू. चित्रं बघायचीत मला. इथंच खिडकीजवळच्या कपाटात असायचं."

"आत्या, अशी कपाटं धुंडाळायची नसतात. शोधाचं शास्त्र असतं. बस तू."

त्यांनी संगणकावरच्या यादीत 'निळं पुस्तक' टाकलं. निकाल एवढे आले की संगणकाने धापाच टाकल्या. अवतरणचिन्हं घातली, तर एकही उरला नाही. मग शब्दाचं शेपूट तोडून 'निळ'पुढे तारांकन लावलं, म्हणजे पुढे काहीही चालेल. निळीची शेती, निळसर पडणारी बाळं आणि निळे देवमासे हजर झाले. देवमाशांचा फारच सुळसुळाट होता, म्हणून त्यांनी 'देवमासा वगळा' असा आदेश दिला.

"अरे, त्यात देवमासाच तर होता! घाबरून माझ्या कुशीत शिरायचास."

"मध्ये बोलू नकोस गं, सूत्र बिघडतं."

देवमासा परत आला, पण 'सस्तन प्राणी' म्हणून. समानार्थी शब्द आले, कंस आले, कंसात कंस आले. आत्या कधी उठून गेली ते त्यांना कळलंही नाही. ग्रंथालय बंद व्हायच्या बेताला पडद्यावर अखेर एकच निकाल उरला. शेजारी लिहिलं होतं: 'वाचकाकडे. वाचनकक्ष.'

नेमकं आजच कोणाला सुचलं हे? ग्रंथपाल तावातावाने वाचनकक्षात शिरले. खिडकीशी आत्या बसली होती, मांडीवर निळं पुस्तक, मिटलेलं.

"काउंटरवरच्या बाईंनी नोंद करून दिलं. तुझी वाट पाहिली रे. मग बघितलं एकटीनेच."

शिपाई दिवे मालवू लागला होता. ग्रंथपालांना स्वतःची फार लाज वाटली.

"तुझं सापडलं का?" तिने मायेने विचारलं.

"सापडलं," ते म्हणाले.

आत्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. पुढच्या प्रशिक्षणात ग्रंथपालांनी हेच उदाहरण घेतलं; देवमाशासकट, आत्या वगळून. टाळ्या पडल्या, सगळ्यांनी सूत्र उतरवून घेतलं. पुस्तकाचं नाव काय, हे एकानेही विचारलं नाही.

तसं ते तुम्हीही विचारलेलं नाही.