मे महिन्यातला हीटर

रायपुरात मे महिन्यात गाडीचा हीटर लावून फिरणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. एकदा तर त्याच्या शेजारी बसलेही आहे, आणि अजून जिवंत आहे.

मधुकर पिंपळापुरे हे त्यांचं नाव. बुढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत, अगदी समोरच्या घरात राहतात. सगळी गल्ली त्यांना मधुकाका म्हणते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागला की शहाणी माणसं दुपारी दारं-खिडक्या लावून पडून राहतात, कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात. नेमके तेव्हा मधुकाका आपली लाल, ठेंगणी, दोन दारांची स्पोर्ट्स कार बाहेर काढतात. काचा खाली करतात आणि हीटरचं बटण पार शेवटपर्यंत फिरवतात. घाम कपाळावरून भुवयांत आणि भुवयांतून मिशीत. कोणी विचारलंच, काका हे काय, तर उत्तर तयार असतं.

"इंजिनची गरमी इकडून बाहेर निघून राहिली ना! गरमी तर येणारच. तिले जायले रस्ता पाहिजे. मले थोडं लागते, त्याचं काय? सुई पाहा, सुई!"

सुई म्हणजे इंजिनचा ताप दाखवणाऱ्या तबकडीतली सुई. ती मध्यावर असली की काकांच्या जगात सगळं ठीक चाललेलं असतं. रस्त्याकडे ते अधूनमधून पाहतात. सुईकडे सतत पाहतात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. काका सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या कारखान्यात होते. तिथे भट्टीतून लालभडक माल निघतो, तो एका लांबलचक फिरत्या नळकांड्यातून जातो, आणि त्या नळकांड्यावर बाहेरून अखंड पाणी सोडत राहावं लागतं. ते पाणी काकांच्या ताब्यात. उभा जन्म त्यांनी दुसऱ्याची गरमी उतरवण्यात घालवला. गल्लीला एवढं तपशीलवार कोण सांगणार? काका काहीतरी थंड करतात एवढंच लोकांना ठाऊक, म्हणून मार्च लागला की बायका आपापल्या घरचे बंद पडलेले कूलर घेऊन त्यांच्या ओसरीवर हजर. काका तेही दुरुस्त करून द्यायचे.

कारखान्यातून त्यांनी एक सवय घरी आणली आहे. कशालाही हात लावायचा तो उलटा. चहाचा कप, कुकरचं झाकण, कोणाच्या तापलेल्या पोराचं कपाळ, सगळं हाताच्या मागच्या बाजूने. "तळहात काम करून करून निबर होते. त्याले काय समजते? मागची कातडी खोटं बोलत नाही," असं त्यांचं शास्त्र. माझ्या घरी वडे खायला आले तेव्हा प्रत्येक वड्याची त्यांनी अशी तपासणी केली होती. मला राग आला होता, पण वडे सगळे संपवले, तेव्हा गेला.

आता ही गाडी मुळात आली कुठून, ते सांगते.

काकांच्या बायकोचं, म्हणजे शैलाकाकूंचं, माहेर धमतरीचं, रायपूरहून दोनेक तासांवर. लग्नानंतर त्या जेव्हा जेव्हा माहेरी गेल्या, तेव्हा बसने गेल्या आणि बहुतेक वेळा एकट्याच, कारण काकांची कारखान्यात पाळी. दिवाळी असो की राखी, भट्टी काही थांबत नाही. बसस्टँडवर पोचवायला आले की काका दर वेळी एकच सांगायचे, "रिटायर झालो का तुले आपल्या गाडीनं नेतो धमतरीले. दोघंच जाऊ." काकू हसून बसमध्ये चढायच्या. काका रिटायर झाले आणि भिलाईच्या कोण्या हौशी माणसाकडून ही गाडी घेऊन दारात उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "अहो, हिच्यात तर दोनच सीटा आहेत. पोरगी-जावई आले तर काय टपावर बसवता?"

"तुले दोघंच म्हटलं होतं ना," काका म्हणाले.

आता या बोलण्यावर कोणती बायको भांडेल? काकू आत गेल्या आणि गाडीला ओवाळायला ताम्हण घेऊन आल्या.

धमतरीला जायला एवढंच करायचं होतं, की गाडीत बसायचं आणि निघायचं. पण गाडी तापायची. त्या भिलाईच्या माणसाने ती विकली होती तीच त्यासाठी. दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. काका खूष झाले. "आजारी आहे बिचारी. आधी हिले बरी करतो, मग जाऊ," म्हणाले, आणि फोनवर जगभरच्या शर्यतींचे व्हिडिओ पाहायला लागले. शर्यतीच्या गाड्या तासन्‌तास पळतात आणि तापत नाहीत, म्हणजे त्यांच्यात जे असतं ते हिच्यात बसवायचं, इतका सरळ हिशेब.

मग सुरू झालं. जाडजूड ॲल्युमिनियमचा रेडिएटर आला. तेल थंड करायला वेगळी जाळी आली. पुढच्या बंपरमधून चाकांपर्यंत हवेचे पाइप गेले, ब्रेक थंड राहावेत म्हणून. बॉनेट कापून त्याला किसणीसारख्या फटी पाडल्या. गाडी कुठल्या कंपनीची हे मी सांगत नाही, कारण कंपनीचं तिच्यात आता फारसं काही उरलेलं नाही. हे सगळं काम गुड्डू भैयाच्या गॅरेजात चालायचं. गुड्डू भैया गल्लीच्या तोंडाशी असतो आणि त्याचा चेहरा कायम रडवेला असतो. "अंकल, ये रोड की गाड़ी है, रेस की नहीं," असं तो म्हणायचा आणि काका सांगतील ते करायचा.

एके दिवशी काकांनी एसी काढून टाकला. का, तर एसीची जाळी रेडिएटरच्या नेमकी तोंडासमोर असते. रेडिएटरला ताजी हवा मिळण्याआधीच ही मध्ये बसून ती गरम करते. रेसवाले असलं काही ठेवत नाहीत. मग रेडिएटरचा पंखाही काढला.

मी न राहवून विचारलं, "काका, पंखा काहून काढला?"

"रेसच्या गाडीले पंखा नसते. ते धावते ना, हवा आपोआप येते."

"पण आपली गाडी चौकात थांबते."

काका माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत म्हणाले, "मंग थांबायचं काहून?"

हे ते गंमत म्हणून बोलत नव्हते. त्या दिवसापासून काकांनी लाल दिव्यावर थांबणं सोडलं. सिग्नल तोडायचे नाहीत हं, कायद्याचा माणूस. लाल दिसला की डावीकडे वळायचं. पुन्हा लाल दिसला की पुन्हा डावीकडे. हिरवा मिळेपर्यंत हिंडत राहायचं. भाजी आणायला निघालेले काका तेलीबांध्याच्या तलावाला वळसा घालून यायचे आणि भाजी विसरायचे. आमच्या चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराशी त्यांची अशीच ओळख झाली. तो लांबूनच हात करायचा, "अंकल, फिर आ गए?"

एप्रिलमध्ये मला पेपर तपासायला वेळेवर शाळेत पोचायचं होतं, स्कूटी बंद पडली होती आणि माझी मती फिरली होती, म्हणून मी काकांच्या गाडीत बसले. पायांवर हीटरचा झोत. बॉनेटच्या फटींतून निघणारी वाफाळ हवा काचेवरून आत. लाल दिवा, डावीकडे. लाल दिवा, डावीकडे. साडी अंगाला चिकटली, पावडर वाहून गेली, आणि खिडकीतून मला विमानतळाची पाटी दिसली. माझी शाळा विमानतळाच्या जवळपास नाही.

"काका!" मी ओरडले.

"हव, पोचवतो. पण सुई पाहा, वंदना. हलली का? जराशीही हलली का?"

सुई खरंच हलली नव्हती. इंजिन अगदी गारेगार होतं. शिजत होतो ते आम्ही दोघं.

काकू मात्र माझ्यापेक्षा शहाण्या. एसी गेल्यावर त्या एकदाच त्या गाडीत बसल्या आणि गल्लीच्या कोपऱ्यावर उतरून ई-रिक्षा केली. "तुमच्या इंजिनले हवा लागते, मले लागत नाही का?" एवढंच म्हणाल्या. नंतर त्यांच्या सीटवर पान्ह्यांचा डबा आणि कूलंटची बाटली बसायला लागली. धमतरीचा विषय निघाला की काका म्हणायचे, "बस, आता थोडंच राहिलं. एवढं एक झालं का निघतोच आपण." काकू धमतरीला बसने जाऊन आल्या.

मग गेल्या नवतप्यातली ती दुपार.

काकूंनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. त्या उलटवायला भर दुपारी वर गेल्या. घरी लाइट गेलेली, काका गाडी घेऊन बायपासला, नव्या पाइपची परीक्षा घ्यायला. मी त्यांची चाळणी परत द्यायला गेले, तर काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेल्या. अंग कोरडं ठणठणीत आणि तव्यासारखं तापलेलं. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बस लागली का? धमतरीची लागली का?"

मी काकांना फोन लावला, लावला, पुन्हा लावला. त्या गाडीच्या आवाजात त्यांना कुठला ऐकू येतो! माझ्या नवऱ्याने ऑटो आणला, आम्ही काकूंच्या अंगावर ओलं लुगडं टाकलं आणि दवाखाना गाठला. लू लागली होती, उष्माघात. डॉक्टरांनी सलाईन लावलं, बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. तेव्हा कुठे काकांनी फोन उचलला.

ते आले तेव्हा मी दारातच होते. पायी आले. डोक्याला काही नाही, हातात गाडीची किल्ली, शर्ट पिळून काढावा असा. चौकात जाम लागला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, डावीकडे वळायला जागा नाही. गाडी उभी राहिली आणि पंखा नसलेली ती गाडी काही वेळातच वाफ सोडायला लागली. सुई पार टोकाला गेली. काकांनी ती तशीच फुसफुसत सोडली, किल्ली काढली आणि चालत सुटले. तापलेली गोष्ट पाठीमागे टाकून काका निघून आल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते.

काकूंच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला. उलटा. बराच वेळ तसाच ठेवला.

"काही बोलली का?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगायला नको होतं की काय, अजून कळत नाही. पण सांगितलं. "धमतरीची बस लागली का, असं विचारत होत्या."

काका खाली बसले. खुर्ची होती, पण जमिनीवरच बसले. "इंजिनचा ताप मले घडीघडीले माहीत राहते," ते म्हणाले. "हिचा ताप तू फोन करून सांगितला, तेव्हा समजला." आणि सिलतऱ्याच्या भट्टीपुढे उभं आयुष्य काढलेला तो माणूस माझ्यासमोर रडला. मलाही राहवलं नाही.

काकू बऱ्या झाल्या, घरी आल्या. गाडी हवालदाराने कडेला लावून ठेवली होती, तिथून ती गुड्डू भैयाकडे ओढून नेली. काका सकाळी काकूंना पन्हं करून द्यायचे, त्यांच्या खोलीतल्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या करायचे आणि मग गॅरेजात जाऊन बसायचे. गल्लीत बोलवा झाली, काका गाडी विकून राहिले. काकूही म्हणाल्या, "विकून टाका, मले काही नको." काका सुईचं नावसुद्धा काढायचे नाहीत, आणि खरं सांगते, ते ऐकू येत नसल्याने मला चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं.

दसऱ्याच्या आधी, त्या चिकट उकाड्यात, एका सकाळी लाल गाडी त्यांच्या दारात उभी. मी स्कूटी काढत होते. गुड्डू भैया पुसायचं फडकं घेऊन बाजूला उभा होता आणि त्याचा रडवेला चेहरा त्या दिवशी जरा सैल होता. "अंकल ने खुद बोला, एसी लगाओ, पंखा लगाओ," तो माझ्या कानाशी म्हणाला. "मैंने तो दो बार पूछा, दीदी."

पान्ह्यांचा डबा ओसरीवर काढून ठेवलेला होता. काकू इंदुरी साडी नेसून, पिशवी घेऊन बाहेर आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटच्या फटींवर बोट फिरवलं. "हे किसणी राहिलीच काय?"

"राहू दे," काका म्हणाले. "शौक आहे."

काकू बसल्या. काकांनी इंजिन सुरू केलं, एसी लावला, पण गाडी हलेना. ते नुसते बसून राहिले. मी खिडकीशी वाकले. एसीच्या भाराने सुई मध्याच्या वर सरकली होती.

"काका, सुई," मी म्हटलं.

त्यांनी तबकडीकडे पाहिलंच नाही. त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा काकूंच्या बाजूला एसीची हवा सोडणाऱ्या जाळीपुढे धरलेला, उलटा. "थांब ना. हिच्याकडे बराबर थंडी येऊन राहिली का, ते पाहू दे आधी."

"येऊन राहिली, येऊन राहिली," काकू म्हणाल्या. "चला आता. धमतरी का आपल्या गल्लीत आहे?"

गाडी निघाली. मीही शाळेला निघाले, त्यांच्या मागोमाग. चौकात लाल दिवा होता. सवयीने माझी मान डावीकडे वळली. हवालदारही त्यांना डावीकडची वाट मोकळी करून देत उभा राहिला.

काका थांबले. सगळ्यांसारखे, रांगेत, पुढच्या ऑटोच्या मागे. मागच्या काचेतून मला दोन पाठमोरी डोकी दिसत होती, आणि जाळीपुढे धरलेला तो हात. दिवा हिरवा झाला, मागच्या लोकांनी हॉर्न वाजवले, तेव्हा कुठे काकांनी तो हात काढून गिअरवर ठेवला.