झोपेची फेरी

त्या कंपनीत शेवटची मुलाखत उमेदवाराच्या स्वप्नात घेतली जाई. आधीच्या दोन फेऱ्या जागेपणी होत, पण जागेपणी सगळे उमेदवार तीच ती उत्तरं देतात असं लक्षात आल्यावर निवड मंडळाने ही पद्धत सुरू केली होती, आणि आता ती सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. उमेदवाराने दुपारी जेवायचं आणि आडवं व्हायचं. झोप लागली की मंडळाचे तीन सदस्य आत जाऊन प्रश्न विचारत.

चारुशीला वझरकर आधीच्या दोन्ही फेऱ्यांत पहिली आली होती. तिची अडचण एवढीच होती की तिला झोप येत नसे. ज्या मालवाहतूक कंपनीत तिने उमेदीची सगळी वर्षं काढली ती दिवाळीच्या सुमारास बंद पडली, आणि तेव्हापासून ती रोज रात्री पंख्याकडे बघत पडून राही. आता पश्चिम विभागाच्या व्यवस्थापकाची ही जागा आली होती. अशी जागा पुन्हा कधी निघेल याचा नेम नव्हता, आणि तिच्या वयाच्या माणसाला बोलावतील याचा तर त्याहून नव्हता.

घरच्यांनी आपापल्या परीने तयारी करून घेतली. नवरा, श्रीनिवास, तिला जायफळ घातलेलं दूध द्यायचा आणि तिच्या उशाशी बसून स्वतःच पेंगायचा. मुलगी सानिका कॉलेजात चौकशी करून आली होती.

"आई, नुसते डोळे मिटून पडू नकोस," ती म्हणाली. "मंडळ आत शिरायला जातं आणि पापणीवर आपटतं. मग त्यांचा मूड जातो."

सासूबाई निघताना एवढंच म्हणाल्या, "स्वप्नात मी आले तर त्यांना चहाचं मी बघते. तू तुझं बोल."

कंपनीची कचेरी खराडीला होती. शेवटच्या फेरीला तिघं होते. ऋत्विक गद्रे नावाचा तिशीचा तरुण घरून स्वतःची उशी घेऊन आला होता. इम्रान पटवेकर पन्नाशीचे, रत्नागिरीकडचे, बंदराच्या कामात मुरलेले. तिसरी चारुशीला. तिघांना पुरी, आम्रखंड आणि बटाट्याची भाजी वाढली. गद्रेने आम्रखंड पुन्हा पुन्हा मागून घेतलं. चारुशीला पहिलीच पुरी चिवडत बसली.

जेवणानंतर मनुष्यबळ विभागाच्या जोगळे मॅडम त्यांना एका थंडगार खोलीत घेऊन गेल्या. तिथे तीन पलंग होते आणि पडदे ओढलेले होते.

"ज्याला आधी झोप लागेल त्याची मुलाखत आधी," मॅडम म्हणाल्या. "मंडळ आत असताना बाकीच्यांनी आवाज करायचा नाही. संध्याकाळी कंपनीची बस सुटते, त्यानंतर मंडळ कोणाच्याही स्वप्नात थांबत नाही. स्वप्नात कुत्रा किंवा पाणी असेल तर आधी सांगा."

"आधी कसं कळणार?" चारुशीलाने विचारलं.

"नाही कळत. पण विचारावं लागतं."

गद्रेने आपली उशी थोपटली, डोक्याखाली घेतली आणि बोलता बोलता तो झोपला. जोगळे मॅडमनी दार उघडून खूण केली. मंडळाचे तिघे ओळीने आत आले. अध्यक्ष खर्शीकर बाई, त्यांच्यामागे चष्मेवाले उपासनी आणि शेवटी मानकामे साहेब. निवड झालेल्या माणसाला या मानकामे साहेबांच्याच हाताखाली काम करायचं होतं. तिघांचेही चेहरे ओढलेले होते. ते गद्रेच्या उशीशी वाकले आणि एकामागून एक आत गेले. मानकामे जरा स्थूल असल्यामुळे त्यांना वेळ लागला.

चारुशीला दुसऱ्या कुशीवर वळली. डोळे मिटले, श्वास मोजला, पायाचे तळवे सैल सोडले. ती जितकी झोपेमागे लागली तितकी खोली स्वच्छ ऐकू येऊ लागली. एसीचा आवाज, पटवेकरांचा श्वास, भिंतीपलीकडे कोणीतरी ओढलेली खुर्ची.

मंडळ लवकरच बाहेर आलं. खर्शीकर बाई जांभई दाबत होत्या.

"काय होतं?" जोगळे मॅडमनी हळूच विचारलं.

"हीच इमारत होती. मुलाखतीची खोली. उत्तरं पाठ होती."

गद्रे उठून बसला. त्याने केस नीट केले, मग चारुशीलाच्या पलंगाजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, जाग्याच का अजून? पटवेकरांना लागली बघा. आता वेळ कमी राहिला तुमच्याकडे."

खरंच, पटवेकर घोरत होते आणि मंडळ त्यांच्या उशीशी वाकलं होतं.

"घरी कमावतं कोण आता?" गद्रेने पुढे विचारलं. आवाजात अगदी आपुलकी होती. "नाही, असल्या गोष्टी डोक्यात असल्या की झोप येत नाही. म्हणून विचारलं."

चारुशीलाने भिंतीकडे तोंड केलं. पण प्रश्न तिच्याजवळ बसून राहिला. श्रीनिवासची नोकरी कशीबशी चालू होती. सानिकाचं अजून शेवटचं वर्ष राहिलं होतं. आणि झोप लागलीच तर आत काय असेल? कित्येक महिन्यांत तिने स्वप्न पाहिलं नव्हतं. आत काहीच नसलं तर? तीन मोठी माणसं रिकाम्या जागेत उभी राहतील आणि परत येऊन सांगतील की बाईंच्या आत काही नाही.

या वेळी मंडळ परत आलं तेव्हा तिघांचे कपडे गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. उपासनींचा चष्मा नव्हता. खोलीभर खाऱ्या वाऱ्याचा वास पसरला.

पटवेकर दचकून उठले. "माफ करा साहेब. भरती होती. तुम्हाला होडीत घेतलं, पण पाणी उपसायलाही तुम्हालाच लावलं."

"होडीला भोक होतं," उपासनी म्हणाले. त्यांना नीट दिसत नसल्यामुळे ते जोगळे मॅडमकडे बघून बोलत होते.

"ते फार जुनं आहे साहेब. दर वेळी असतं."

मंडळ कपडे बदलायला गेलं. चारुशीला छताकडे बघत राहिली. गद्रे खुर्चीत बसून घड्याळाकडे बघायचा, मग तिच्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. शेवटी ती उठून बसली.

"जोगळे मॅडम, माझं नाव काढून टाका," ती म्हणाली. "मला झोप येत नाही. आजच नाही, कधीच येत नाही. मी इथे यायलाच नको होतं."

हे तिने घरीसुद्धा इतकं सरळ सांगितलं नव्हतं. घरी ती म्हणायची, लागली होती मध्ये थोडी.

जोगळे मॅडमनी मान डोलावली. "ठीक आहे. तुम्हाला सोडणारी गाडी यायला अवकाश आहे. तोवर पडून राहा."

"मी लॉबीत बसते."

"ताई, पडा," पटवेकर म्हणाले. ते पलंगाच्या कडेवर बसून मोजे पिळत होते. "आता झोपायचं थोडंच आहे? नुसतं पडायचं. गादी चांगली आहे."

चारुशीला पडली. आता कोणाला काही दाखवायचं नव्हतं. जागा गेली होती, आणि गेल्यावर ती तितकीशी मोठीही वाटली नाही. उद्या उठायचं, पोहे करायचे, दुसरीकडे अर्ज करायचा. पटवेकर कोणाला उद्देशून नव्हे असं पुटपुटत होते, कोणत्या बंदरात कोणता माल उतरतो, क्रेनवाला जेवायला गेला की जहाज कसं ताटकळतं. ती ऐकत होती. मग ऐकायची थांबली.

"लागली," पटवेकर म्हणाले.

मंडळाला बोलावलं. पण दारातच प्रश्न उभा राहिला.

"यांनी नाव मागे घेतलंय," गद्रे म्हणाला. "जोगळे मॅडम साक्षीला आहेत."

खर्शीकर बाईंनी विचार केला. "नाव त्यांनी जागेपणी मागे घेतलं. ही फेरी झोपेची आहे. झोपेत त्यांनी काही मागे घेतलेलं नाही."

"आत जाऊन विचारता येईल," उपासनी म्हणाले.

हे नियमाला धरून होतं. तिघे वाकले आणि आत गेले. मानकामे साहेब या वेळी सहज गेले.

बराच वेळ झाला. खाली बस येऊन उभी राहिली. गद्रेने टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला, पाणी पिऊन पेला कडेला, अगदी कडेला ठेवला. तो कलंडला. पटवेकरांनी तो अधांतरी झेलला आणि ते तो मांडीवर धरून बसले. गद्रे खिडकीशी जाऊन उभा राहिला.

बसने हॉर्न दिला तेव्हा खर्शीकर बाई बाहेर आल्या. त्यांच्या गालावर वेताच्या खुर्चीची जाळी उमटली होती. मागून उपासनी आले, डोळे चोळत.

"मानकामे साहेब?" जोगळे मॅडमनी विचारलं.

"ते म्हणाले, मी येत नाही, तुम्ही व्हा पुढे."

"आत आहे तरी काय?"

"गॅलरी आहे," खर्शीकर बाई म्हणाल्या. "ऊन कललेलं. दोरीवर धुतलेल्या चादरी. एक म्हातारी बाई आल्या, चहा देऊन गेल्या. उमेदवार एका खुर्चीत झोपल्या होत्या. त्यांना उठवून विचारणं बरं दिसेना, म्हणून आम्हीही जरा टेकलो." त्यांनी गालावरची जाळी चोळली. "मला हल्ली घरी झोप लागत नाही."

"मलाही," उपासनी म्हणाले.

चारुशीला जागी झाली तेव्हा खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. गाडी चुकली असं समजून ती घाईने चपला शोधू लागली. जोगळे मॅडमनी तिला परिस्थिती समजावून सांगितली. मानकामे साहेब आतच राहिले होते. त्यांची बरीच रजा साठलेली होती, त्यामुळे कंपनीची हरकत नव्हती. पण पश्चिम विभागाच्या व्यवस्थापकाला रोज त्यांच्याशी बोलावं लागतं, आणि आता त्यांच्यापर्यंत फक्त तीच पोचू शकत होती. तेव्हा दुसऱ्या कोणाची निवड करण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

"मला जड वाटत नाहीये," चारुशीला छातीवर हात ठेवून म्हणाली.

"त्यांचं आत गेल्यावर वजन लागत नाही," खर्शीकर बाई म्हणाल्या. "अभिनंदन."

पटवेकरांना उद्या ओहोटीच्या वेळी यायला सांगितलं. उपासनींचा चष्मा काढायचा होता, आणि बंदराचं काम बघायला कोणीतरी हवंच होतं. पटवेकरांनी चारुशीलाकडे बघून मान हलवली आणि ओले मोजे खिशात घातले.

लिफ्टमध्ये गद्रे तिच्याबरोबर होता. उशी त्याने काखेत धरली होती. खाली येईपर्यंत तो मजल्यांचे आकडे बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही खरंच झोपला होतात?"

"हो."

"मी झोपलो की आतही मुलाखतच असते. रोज." त्याने उशी दुसऱ्या काखेत घेतली. "पेल्याचं सॉरी."

"कुठला पेला?" चारुशीलाने विचारलं. तिला खरोखर माहीत नव्हतं. गद्रेने ते ऐकलं आणि त्याचे खांदे जरा खाली आले.

घरी तिने सगळं सांगितलं. श्रीनिवास दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिला. सानिकाने तिला मिठी मारली, मग साहेबांची आठवण होऊन जरा सैल केली. सासूबाईंनी विचारलं, "ते जेवले असतील का ग?"

"आत असेल काहीतरी."

"रुजू कधी व्हायचं?" श्रीनिवासने विचारलं.

ते विचारायचं राहूनच गेलं होतं. तिने हातपाय धुतले, आणि विचारून येते असं सांगून ती दिवेलागणीलाच आतल्या खोलीत आडवी झाली. घरात सगळे हळू आवाजात बोलू लागले. टीव्ही लावला नाही.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा श्रीनिवास चहा गाळत होता.

"काय म्हणाले?"

"काही नाही," चारुशीला म्हणाली. "झोपले होते."

"आणि तू?"

"मीही."

श्रीनिवासने कप तिच्यापुढे सरकवला. तिने तो घेतला आणि अजून थोडं पडावं का, याचा विचार करत पिऊ लागली.