गाडी भरणारे वाघमारे मामा

आमच्या महापालिकेतले वाघमारे मामा विमानाला ‘गाडी’ म्हणतात. आणि गाडी भरल्याशिवाय सुटते, ही गोष्ट त्यांना अजून पटलेली नाही. हातात बॅग घेतलेला माणूस दिसला, की जयभीम, रामराम, सलाम यांपैकी जे लागू असेल ते घालून मामा विचारतात, “हैदराबाद का?” एकदा त्यांनी हे दहाव्याला निघालेल्या माणसाला विचारलं होतं. पुढच्या आठवड्यात तो खरंच हैदराबादला गेला.

नोकरी लागण्याआधी मामा सिल्लोडच्या स्टँडवर काळ्यापिवळ्या जीप भरायचे. जीपमध्ये आता मुंगीसुद्धा शिरणार नाही असं आपल्याला वाटावं, आणि मामांनी तिथं एक अख्खं कुटुंब बसवावं, अशी त्यांची ख्याती. त्यामुळे आमच्या चिकलठाणा विमानतळावरून हैदराबादचं विमान सुरू झालं आणि कंपनीनं “सीट रिकाम्या राहिल्या तर बंद करू” असं कळवलं, तेव्हा मामांच्या डोळ्यांत जुनी चमक आली.

विमानतळ, महापालिका, जिल्हा परिषद आणि आसपासच्या नगरपरिषदा यांची एक समिती नेमली गेली. कारकून म्हणून मामा आणि मी. पहिल्या बैठकीत साहेब लोकांनी ‘समन्वय’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला, की मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा मामा उभे राहून बोलत होते, “साहेब, समन्वय मागून करू. आधी शिटा भरू.” इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे हे ऐतिहासिक वाक्य कुठंच नोंदलेलं नाही.

आणि मामांनी शिटा भरल्या! जीपनं जाणारे नगरपरिषदांचे अभ्यास दौरे त्यांनी विमानात चढवले. बजाजनगर आणि गारखेड्याहून सुटणाऱ्या शहर बसची वेळ विमानाशी जुळवून घेतली. सिल्लोडच्या कापूस बाजारातल्या शेख चाचांचं निम्मं खानदान हैदराबादेत.

“चाचा, रातभर बस में हड्डियां कायको तुडवाते?” मामांनी त्यांना गाठलं. “निकाह के फोटू में चेहरा कैसा आता, देखे क्या कभी?”

“हौ मियां, पन उपर जाके उल्टी हुई तो?”

“थैली देते उनों. फुकट!”

चाचा सहकुटुंब गेले. मी बघतच राहिलो. सोसायटीच्या बैठकीला मला चार डोकी जमवता येत नाहीत, आणि हा माणूस नुसत्या जिभेवर अख्खं विमान आभाळात चढवत होता.

मग एका दौऱ्याचा म्होरक्या म्हणून मामांनी मलाच पाठवलं. विषय होता हैदराबादचा कचरा. विमानात शिरल्याबरोबर मी एसटीच्या सवयीनं खिडकीच्या सीटवर रुमाल टाकला. हवाई सुंदरीनं तो दोन बोटांच्या चिमटीत धरून मला परत आणून दिला. आमचा दौरा कचऱ्याचा आहे, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं.

निघताना मामांनी एक गोष्ट बजावली होती. “सुधाकर, येताना समद्या शिटा भर. पण एक राहू दे.”

मला हसू आलं. जीप कितीही ठेचून भरली तरी ड्रायव्हरशेजारची जागा घरच्या माणसासाठी शेवटपर्यंत धरून ठेवायची, ही सिल्लोड स्टँडची रीत. म्हातारा ती विमानातही चालवतोय, असं मला वाटलं. परतीच्या दिवशी नेमकी एकच सीट उरली होती. माझा मेहुणा हैदराबादेतच राहतो. गुरूच्या वरताण करायची हुक्की आली आणि मी त्याला उचलून आणलं. तिथूनच फोन लावला.

“मामा, गाडी फुल्ल!”

शाबासकीसाठी मी कान टवकारले.

“ती एक बी?”

“ती बी!”

“बरं,” म्हणाले आणि फोन ठेवला.

चिकलठाण्याला उतरलो, तर काचेच्या दारापलीकडे मामा उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापून भांग पाडलेले केस. आमच्या स्वागतासाठी असेल म्हणून मी हात केला. त्यांचं लक्षच नव्हतं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या मागं ते टाचा उंचावून बघत होते. सगळ्यांत शेवटी माझा मेहुणा आला. दार मिटलं. मामा तरी तिकडंच बघत राहिले.

“कुणी यायचं होतं का, मामा?”

“आमचा प्रकाश. तिकडंच असतो, हैदराबादला. त्याची आई गेली तवा आल्ता. नंतर बोलावलं की म्हणायचा, बाबा, इथून थेट विमान असतं तर कवाच आलो असतो.”

“आता तर विमान आहे.”

“हाय की. म्हणून तर बंद पडू देत नाय. बंद पडलं तर त्याचंच खरं व्हईल.”

“आज येणार होता?”

“तसं कळवलं नाय. रोज येतो मी. पण सुधाकर, एखाद्या दिवशी अचानक निघाला, अन् शीट नाय म्हणून माघारी फिरला तर?”

माझ्या पराक्रमाचा पुरावा बॅग सांभाळत शेजारीच उभा होता.

मामांनी ती बॅग त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या खांद्यावर टाकली.

“चला पाव्हणं, बस उभी हाय. माघारी कवा जाणार? आपल्याच गाडीनं जावा, कुठं बी बसा,” ते म्हणाले. “येतानाची शीट तेवढी मला इचारून काढत जा.”