जमिनीचं लिहू नका

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. तीन दिवाळ्या झाल्या, तरी राजूरच्या द्वारकाबाईंना माहेरी न्यायला भाऊ आला नव्हता. धाकटा धर्मराज तिकडे परतूरजवळ शेती करायचा. शेजारच्या मास्तरांकडून चार कार्डं लिहवून घेतली, एकाचंही उत्तर नाही. शेवटी त्या एस.टी.ने भोकरदनला गेल्या आणि बद्रीनाथ वकिलांपुढे बसल्या.

“साहेब, वकिलाच्या कागदाला माणूस भेतो म्हणत्यात. निस्तं एवढंच लिहा, बहीण वाट पाहून राह्यली. जमिनीचं काही लिहू नका बरं!”

“बिलकुल नाही,” म्हणत वकिलांनी त्यांचा अंगठा घेतला.

त्या काळी रजिस्टर टपाल आलं, की घरातली भाकरी तव्यावरच करपायची. आठव्या दिवशी धर्मराज लिफाफा घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. डोळे लालभडक.

“आक्का, बापाच्या अकरा एकरात तिसरा हिस्सा? तोंडानं मागायचास की! मी न्हाई म्हणलो असतो का?”

द्वारकाबाईंनी पायात चपला सरकवल्या. निघाल्या त्या भावाला घेऊन थेट वकिलांकडे.

वकिलांनी पाहताक्षणी उरलेल्या फीचे शंभर रुपये मागितले.

“फुटकी कवडी देणार न्हाई! जमिनीचं लिहू नका म्हणल्तं का न्हाई?”

“बाई, मागणीशिवाय नोटीस होते का? ‘वाट पाहते’ असं कलम कुठल्याच कायद्यात नाही.”

“म्हणून माझ्या बहिणीला फसवता व्हय?” आता धर्मराज उसळला. “माय गेल्यावर हिनं मला कडेवर वागवलं. जत्रंत मला गोडीशेव घेतली अन् सोता मोकळ्या हातानं फिरली. ही हिस्सा मागंल?”

द्वारकाबाई वकिलांना विसरल्या. “तुला ध्यानात हाय ते?”

“हाय की.”

“मंग चार कार्डं धाडली, आला का न्हाईस?”

“आक्का, मास्तर दर कार्डात लिवायचे, ‘इकडील सर्व क्षेम, काळजी नसावी.’ म्यां बी केली न्हाई.”

दोघंही हसली, आणि हसता हसता द्वारकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. वकील खाकरले. “चूक झाली. फी राहू द्या.”

द्वारकाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि शंभराची नोट टेबलावर ठेवली.

“घ्या. अन् आमची धाकटी बहीण बेबीनंदा, जुन्या जालन्यात असती. ती बी दोन साल झाले, आली न्हाई. तिला बी एक धाडा.”

वकिलांनी घाईघाईने कागद पुढे ओढला. “सांगा, या वेळी अक्षर न् अक्षर तुमचंच लिहितो.”

“नको, नको!” द्वारकाबाई घाबरून म्हणाल्या. “तुमच्याच मनानं लिहा.”