रंधा मशीनचं सुतक

विश्राम मेस्त्रींच्या कारखान्यातल्या रंधा मशीनची जुनी मोटर काढली आणि मशीनला सुतक आलं.

मोटर सिंगल फेजची होती. साध्या फळ्यांना पुरायची. पण ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहाच्या दारांसाठी आणलेला साग जाड होता. फळी आत सरकवली की मोटर गुरगुरून थांबायची. मेस्त्री गेल्यापासून कारखाना त्यांची बायको शेवंती चालवत होती. हे काम हातचं गेलं असतं तर तिला टाळंच लावावं लागलं असतं. म्हणून तिने थ्री फेजची लाइन घेतली, नवी मोटर आणली. वायरमन निसारने ती बसवून बटण दाबलं. मोटर फिरली. पट्टा नुसताच घसरत राहिला, मशीनने तो घेतला नाही.

"तिन्ही फेज बरोबर आहेत, भाभी," निसार म्हणाला. "मशीन सुतकात आहे. शिवू नका."

सरपंच बाबल परब देवळातल्या गुरुजींना घेऊन आले.

"मोटर मशीनबरोबरच आलेली, की मागाहून बसवलेली?" गुरुजींनी विचारलं.

"मागाहून," शेवंती म्हणाली. "ह्यांनी गिरणीतून आणली होती."

"मग सख्खी नव्हे. तीन दिवस पुरेत."

चौथ्या दिवशीही मशीन हललं नाही.

"त्याने सख्खी मानलेली दिसते," गुरुजी म्हणाले. "मग दहा."

यावर कोणी वाद घातला नाही. शेजारणी येऊन मशीनपाशी न बोलता बसू लागल्या. कोणी पिठलंभात आणून ठेवला. सरपंचांनी देवळावरचा कर्णा बंद करवला.

"उद्घाटन तोंडावर आलंय, वहिनी," ते म्हणाले. "पण मशीनला दुःखातून उठवायचं कसं? माणुसकी म्हणून काही आहे."

"आहे की. हे गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी तुम्हीच मला उठवलंत. शाळेचे बाक हवे होते."

"ती गोष्ट वेगळी," सरपंच म्हणाले. "तुम्ही समजूतदार."

दहाव्याला नदीवर मोटरच्या नावाने पिंड ठेवला. कावळा समोरच्या दगडावर बसला, पण शिवेना. सरपंचांनी हात जोडून सांगितलं, "नव्या मोटरला जपू." कावळ्याने मान वळवली. वीज कार्यालयाचे साहेब मुद्दाम आले होते. ते म्हणाले, "यापुढे व्होल्टेज कमी-जास्त होणार नाही." कावळा उडून पलीकडच्या काठावर गेला.

मग शेवंती पुढे झाली. "मेस्त्रींचे राहिलेले दिवस मी बसून काढीन," ती म्हणाली.

कावळा आला आणि शिवला.

दुपारी मशीनने पट्टा घेतला. आवाज एकसारखा येत होता. शेवंतीने एक फळी घालून पाहिली, बटण बंद केलं आणि भिंतीशी चटई टाकून बसली. सरपंच दारातून परत गेले. काम तिच्याकडेच राहिलं. सुतकातल्या घरचं काम काढून घ्यायचं नाही, हे मशीनच्या वेळीच गावाने ठरवलं होतं.

ठरल्या दिवशी सभागृहाचं उद्घाटन झालं. मोकळ्या चौकटीला लाल फीत बांधली होती. पाहुण्यांनी ती कापली. बाबल परबांनी दार ढकलल्यासारखा हात केला, आणि सगळे आत गेले.